राखण

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी. चौसाळ्याच्या माणसाला समुद्राचं काय काम? आमच्याकडं पाणी म्हणजे आडाला, बोअरला, नाहीतर टँकरला. पण थोरला पोरगा रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. बीड जिल्ह्यातली अशी कितीतरी पोरं कोकणात मास्तरकी करतात आणि दर उन्हाळ्यात बदलीच्या यादीकडं डोळे लावून बसतात. 2023 च्या मार्चात ज्वारी काढून झाली, कडबा रचून झाला, आणि आम्ही दोघं नवराबायको एसटीनं पुणं, महाड करत त्याच्याकडं गेलो.

तिसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "दादा, उद्या पहाटं उठा. वेळासला कासवं दाखवतो."

मी म्हणालो, "आरं, कासव आपल्या जुन्या बारवेत बी होतं. त्याला बघायला एवढ्या लांब यायचं?"

तो हसला. पण गेलो.

वेळास हे सावित्री नदीच्या मुखाजवळचं गाव. शेजारी बाणकोटचा किल्ला. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, हे मी शाळेत कधीतरी ऐकलेलं. गाव नारळी-पोफळीच्या सावलीत दडलेलं आहे. वाडीतून बाहेर पडलं की सुरूच्या झाडांची रांग लागते, तिच्या पलीकडं वाळूचं बसकं टेकाड, आणि टेकाड ओलांडलं की पुळण. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी. तिच्यापुढं नुसतं पाणी.

सगळे पाण्याकडं बघत होते. मी मात्र त्या टेकाडाकडं बघत राहिलो. शेतकऱ्याची नजर आधी बांधावर जाते. ते टेकाड मला बांधासारखंच वाटलं. पोरानं सांगितलं ते असं : लाटा वाळू काठावर टाकतात, वारा ती उचलून आत नेतो, वाटेत एखादी वेल, एखादं गवत आडवं आलं की वाळू तिथं थांबते. वर्षानुवर्षं थांबून थांबून टेकाड होतं. वादळात लाटा आत घुसल्या तर पहिला मार हे टेकाड खातं, मागचं गाव वाचतं. आपण आडव्या चरानं माती अडवतो, तसंच. फक्त इथं हे काम रोजगार हमीच्या माणसांनी केलेलं नाही, वेलीनं केलंय.

त्या वेलीचं पान थेट आपट्यासारखं, मधोमध चिरलेलं. फूल जांभळट. वाळूवर हात हात पसरलेली. मी नाव विचारलं. पोरगा म्हणाला, "मर्यादवेल."

मी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. समुद्रानं कुठवर यायचं आणि माणसानं कुठवर जायचं, ह्या दोन्हींच्या मधी ती पसरलेली. सरकारनं 1991 साली किनाऱ्याचा नियम काढला, वाळूची टेकाडं सपाट करायची नाहीत असं त्यात घातलं. वेलीला हे नाव ज्यांनी दिलं त्यांना ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधी समजलेली असणार.

टेकाडाच्या जवळ जाळीनं घेरलेला वाळूचा तुकडा होता. आत ओळीनं टोपल्या पालथ्या घातलेल्या. प्रत्येक टोपलीखाली एकेका मादीची अंडी. कासवांची ही जात ऑलिव्ह रिडले म्हणतात ती. मादी थंडीच्या दिवसांत रात्री पाण्याबाहेर येते, मागच्या पायांनी दीड फूटभर खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबून बसवते आणि परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडं बघायला येत नाही. पन्नासेक दिवस वाळूच ती अंडी उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर जास्त.

पाटी, जाळी, टोपल्या हे सगळं नंतरचं. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि मंडळी, समुद्री गरुडाची पाहणी करत ह्या बाजूला आली होती. त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. कुणी उकरली? कुत्र्यांनी, कोल्ह्यांनी, आणि माणसांनी. मग त्यांनी गावच्याच माणसांना हाताशी धरून राखण सुरू केली. 2006 पासून कासव महोत्सव भरतो, शहरातली माणसं बघायला येतात, गावातल्या घरात उतरतात, घरचं जेवतात, पैसे देतात.

साडेसहाच्या सुमाराला एका गड्यानं टोपली उचलली. वाळू खालून उकळल्यासारखी हलत होती. मूठभर मुंगसासारखी काळपट पिल्लं एकावर एक चढत होती. त्यानं ती मोजली, वहीत लिहिली आणि पाण्यापासून जरा अलीकडं सोडली. मधी दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडं आम्ही दीड-दोनशे माणसं. थेट पाण्यात का सोडत नाही, असं एका बाईनं विचारलं. गडी म्हणाला, "त्यांना चालू द्यायचं. ही वाळू त्यांच्या ध्यानात राहाते म्हणतात. मादी मोठी झाली की अंडी घालायला ह्याच बाजूला येते."

पिल्लं चालत निघाली. लाट आली की उलटीपालटी होत, पुन्हा सरळ होत. हजारातलं एखादं मोठं होतं म्हणे. माझी बायको बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "मायविना लेकरं." आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं बघितलं नाही, कारण ती कशानं गप झाली ते मला ठाऊक होतं. आमच्या दोघांच्या मधी एक जुनी गोष्ट आहे. तीच इथं लिहायची आहे, कासवाचं निमित्त.

आमच्या चौसाळ्याच्या पश्चिमेच्या अंगाला पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. बालाघाटाच्या ह्या डोंगररांगेत मोर पहिल्यापासून. अभयारण्याला हद्द आहे, नकाशा आहे, पाट्या आहेत. मोराला पाटी वाचता येत नाही. आमच्या ओढ्याच्या काठानं, बाभळीच्या गर्दीत मोरांचा एक कळप कायम असतो. लहानपणी त्यांच्या ओरडण्यावर आम्ही पावसाचा अंदाज बांधायचो.

2012 सालची गोष्ट. तो दुष्काळ आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. जूनमधी दोन सरी पडल्या, सोयाबीन पेरलं, पाऊस गेला, पीक करपलं. उधारीवर बी आणून दुसऱ्यांदा पेरलं. थोडी भुरभुर झाली, कोंब वर आले. आणि सकाळी जाऊन बघतो तर ओढ्याकडची बारा-पंधरा तासं मोकळी. मोरांनी कोंब ओळीनं उपटलेले, जसं काही भांगलायला बाया लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी. मी हाकललं की ओढ्यात उतरायचे, मी वळलो की वर यायचे. त्यात धाकट्या पोराची फी भरायची होती आणि दुकानदाराचा निरोप आलेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कीटकनाशक घेतलं, पायली-दीड पायली ज्वारीला चोळलं आणि ओढ्याच्या बांधानं टाकलं. मनाला सांगितलं, उंदरासाठी टाकतोय. हे वाक्य मी मनात तीन-चारदा म्हटलेलं मला आजही आठवतं. उंदरासाठी टाकायचं तर बिळापाशी टाकतात, बांधावर ओळीनं नाही टाकत. पण माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला फार बारीक पुरावा लागत नाही.

सकाळी एक मोर, दोन लांडोरी आणि पाच-सात होले पडलेले. मोर अजून पुरता मेला नव्हता. त्याचा पिसारा बांधावर पसरलेला आणि मान उलटी. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं उठायचं केलं. मी तिथंच खाली बसलो.

रात्री बाभळीखाली खड्डा केला आणि पुरलं. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, 1972 च्या कायद्यात त्याला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, सापडलो तर तुरुंग, हे दहावी शिकलेल्या माणसाला कळत होतं. त्या रात्री भीती कायद्याचीच होती. दुसरं काही नंतर हळूहळू वर आलं. खोऱ्याला लागलेली माती बायकोनं पाहिली. तिनं विचारलं, "कामून केलं असं?" मी म्हणालो, "मग काय खायचं आपण?" ती काही बोलली नाही. पुढच्या पेरणीला मात्र तिनं औषधाची बाटली स्वतःच्या हातानं कुलपात ठेवली आणि चावी कंबरेला लावली. एवढंच. अकरा वर्षं ह्यावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

आता कुणी म्हणेल, वेळासचं गाव शहाणं आणि तू पापी, एवढीच गोष्ट. मीही तिथं पहिल्यांदा तसंच ठरवलं, आणि मग मला राग आला. म्हटलं, कासव राखायला काय जातं? कासव कुणाचं पीक खात नाही. रात्री येतं, अंडी घालतं, जातं. वर त्याला बघायला पाहुणे येतात, घरात चार पैसे येतात. माझा मोर माझ्या ताटातलं खातो आणि बघायला कुणी येत नाही. शहरातला माणूस म्हणतो मोर वाचवा. वाचवावाच. पण त्या मोराचं जेवण कुणाच्या घरातून जातंय, हे तो विचारत नाही. ज्याचं काही जात नाही त्याची दया सोपी असते. हे मी अजूनही म्हणतो.

हा राग मी त्या रात्री ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या गृहस्थांपुढं काढला. वयानं माझ्याएवढेच. जेवण झाल्यावर पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी विचारलं, "भाऊ, पैसे मिळतात म्हणूनच राखता ना?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पैसे मिळतात म्हणून बरंच होतं, खोटं कशाला बोलू? पण पहिली चार वर्षं पाव्हणे नव्हते ना. आणि आमी काय साधू नाय. मी स्वतः अंडी काढून खाल्लीत. बाप पण खायचा. पुळणीवर मादीचा माग उमटतो, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. माग बघून खड्डा नेमका कुठं, ते आमाला कळायचं. तीच नजर आता राखायला लागते. ज्याला चोरी येते त्यालाच राखण येते."

मग त्यांनी ती राखण कशी चालते ते सांगितलं. हंगामात रोज पहाटे अंधार असताना पुळणीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. माग दिसला की कुत्री यायच्या आत अंडी काढायची, उलटीसुलटी न करता, जशी होती तशी, आणि जाळीच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. तारीख लिहायची. मग पन्नास दिवस सकाळ-संध्याकाळ टोपली उघडून बघायची. थंडी, ताप, लग्न, मयत, काही असो, कुणीतरी जायचंच. "दुसरं काय नाय त्यात," ते म्हणाले. "हजर राहायचं, बस."

अंथरुणावर पडल्यावर मला झोप लागली नाही. 'हजर राहायचं' हे शब्द मी आधी कुठं ऐकलेत ते आठवत होतो. शब्द हे नव्हते, पण गोष्ट माझ्या बापाची होती.

आमचा बाप ज्वारी निसवली की महिनाभर माच्यावर असायचा. उजाडायच्या आत चढायचा, दिवस मावळल्यावर उतरायचा. भाकरी मी न्यायचो. हातात गोफण. गोफण फिरवून सोडली की चाबकासारखा आवाज निघायचा आणि ज्वारीतून पाखरांचा थवा भरारा उठायचा. मी लहान असताना एकदा नेम धरून होला पाडला आणि शाबासकी मिळंल म्हणून पळत घेऊन आलो. बापानं माझ्या हातातून गोफण काढून घेतली. म्हणाला, "गोफण आवाजासाठी असती. आपल्याला राखायचंय, मारायचं नाही." 1972 च्या दुष्काळात ज्या माणसानं माझ्यादेखत कोंडा मिसळून भाकरी खाल्ली, त्या माणसाचं हे वाक्य आहे. काढणी झाली की तो कणसांचा एक झुंबर करून ओसरीला टांगायचा, चिमण्यांसाठी. महिनाभर ज्यांना हाकललं त्यांनाच.

बाप काही भूतदयेवर प्रवचन ऐकलेला माणूस नव्हता. तो स्वतः रानात बसलेला असायचा, म्हणून त्याला मारायची गरज पडत नव्हती. पाखरू आलं की ओरडायचं, गेलं की गप बसायचं. दिवसाला चार दाणे जायचेच, ते त्यानं धरलेलेच असायचे. रानात माणूस आहे एवढ्यावर सगळं भागत होतं.

मी बांधावर विष टाकलं तेव्हा नेमकं काय केलं, ते मला वेळासच्या त्या अंथरुणावर उमगलं. मी माझ्या जागी विष बसवलं आणि घरी जाऊन झोपलो. बुजगावणंही माणसाच्या जागी उभं असतं, पण ते फार तर खोटं बोलतं. विष आपल्या नावानं मारतं, आणि कुणाला मारायचं ते आपल्याला विचारत नाही. डुकरांसाठी तारेत वीज सोडून ठेवणारेही हेच करतात. त्या तारेला डुक्कर चिकटतं, शेजाऱ्याचं वासरू चिकटतं, पहाटं पाणी धरायला निघालेला माणूसही चिकटतो. तार लावणारा त्या वेळी घरात असतो. समोर उभा राहून त्यानं हे केलं असतं का? मी त्या मोराच्या समोर उभा राहून त्याला दाणा घातला असता का? नसता घातला. म्हणून तर रात्री टाकून आलो.

म्हणजे दया कमी पडली असं मला वाटत नाही. हजेरी कमी पडली. मर्यादा कायद्यात लिहिलेली असते, नकाशावर आखलेली असते, पण ती पाळली जाते ती तिथं कुणीतरी असतं म्हणून. ती वेल वाळू धरते, कारण ती तिथंच मुळं रोवून पसरलेली आहे. गावात राहून पुळणीवरची वाळू धरता येत नाही.

आणि इथंच अडचण आहे, ती झाकून ठेवणार नाही. हजर राहायचं तर माणूस पाहिजे. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मा गाव ऊसतोडीला कारखान्यावर जातो. राखणीला गडी धरावा तर त्याची मजुरी राखलेल्या मालापेक्षा जड होते. पोरं शिकली, नोकरीला लागली. राखायला जो माणूस रानात हवा होता, तो मीच शिकवून समुद्रकाठी पाठवला. त्याचं मला वाईट वाटत नाही. माच्यावर महिनाभर बसणं हे काही सुखाचं जिणं नव्हतं, बापाच्या पाठीचा कणा त्यानंच वाकला. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यातला मी नाही. पण माणूस रानातून निघाला आणि त्याच्या जागी विष आलं, वीज आली, हा हिशोब मांडायला तर हवा. वेळासला तो हिशोब पाव्हण्यांच्या पैशानं जुळला. आमच्याकडं मोराचा हिशोब कशानं जुळंल, ह्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही. एवढंच दिसतं, की ज्यांना मोर हवाय त्या सगळ्यांनी राखणीची मजुरी वाटून घ्यायला हवी. एकट्या बांधवाल्याच्या अंगावर ती टाकली की तो एखाद्या रात्री माझ्यासारखं काहीतरी करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटं पुन्हा पुळणीवर गेलो. पाव्हणे अजून उठले नव्हते. मर्यादवेलीपाशी बसून मी पोराला मोराची गोष्ट सांगितली. त्याची आई शेजारी होती. पोरगा बराच वेळ वाळूत रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "दादा, त्या साली धाकट्याची फी भरली होती तुम्ही." मी म्हणालो, "त्या दाण्यांनी नाही भरली ती. म्हशी विकली." हे खरं होतं. तीन पाखरं मारूनसुद्धा त्या वर्षी सोयाबीन आलंच नाही.

2025 च्या उन्हाळ्यात पोराचा फोन आला. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली एका कासवाच्या पायाला नंबराची पट्टी बसवली होती. तीच मादी त्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाच्या त्या कडेची ह्या कडेला आली. मी विचारात पडलो. तिकडं ज्यांनी राखलं त्यांना इकडचे ठाऊक नाहीत, इकडच्यांना तिकडचे नाहीत, आणि कासवाला तर दोन्ही नाहीत. मधल्या एका जागी कुणी हजर नसता तर ती इथवर आली नसती.

आता मृगात पेरणी झाली की आम्ही दोघं पंधरा दिवस रानातच मुक्कामाला असतो. कोंब पानावर येईस्तोवर मोराची भीती, नंतर तो फारसं बिघडवत नाही. पहाटं ती पत्र्याचा डबा बडवते, मी बापाची गोफण फिरवतो. खांद्यातून आता पहिल्यासारखा आवाज निघत नाही. मोरांनाही ते कळलंय. ओढ्याकडची दोन तासं ते दर साली खातात. ती आम्ही धरलेलीच असतात. बी मोजून आणतानाच बायको दुकानदाराला म्हणते, "किलोभर वरती टाका, पाव्हणे हायेत."